बेसमेंटमधला खोका आणि मार्व्हलचं दिवाळं

बेसमेंटवासी
नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी बेसमेंट आवरायला घेतलं, तर वॉटर हीटरच्या मागे एक लांबट पांढरा खोका सापडला. १९९१ ते ९३ मधली माझी कॉमिक्स. तेव्हा मी न्यू जर्सीत एमएस करत होतो. एका फ्लॅटमध्ये चौघे, रोज रात्री वरणभात आणि भारतातून आणलेलं लोणचं. असल्या दिवसांत एका दुपारी मी मार्व्हल कंपनीच्या 'एक्स-मेन' कॉमिकच्या पहिल्या अंकावर ९ डॉलर ९५ सेंट उडवले होते. एकाच अंकावर बरं का. तो पाच मुखपृष्ठांत निघाला होता. चार दीड-दीड डॉलरची, आणि पाचवं ३ डॉलर ९५ सेंटचं, उलगडलं की चारही चित्रं जोडून एक लांबच लांब चित्र होणारं. आतली गोष्ट पाचही ठिकाणी तीच, शब्दसुद्धा तेच.

दुकानदार म्हणाला होता, "जपून ठेव, पोरांच्या कॉलेजची सोय झाली." आता मुलगी खरंच कॉलेजला चाललीय. तिने फोनवर शोधून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे लोक डॉलरच्या खोक्यात टाकतात."

असो, माझ्या हावरटपणाचं मला काही वाटत नाही. प्रश्न वेगळाच आहे. या अंकाच्या ८० लाखांहून जास्त प्रती गेल्या, गिनीज बुकात नोंद आहे. हे १९९१ चं. आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला! ८० लाख प्रती विकणारी कंपनी पाच वर्षांत बुडते कशी? आणि बुडालेली कंपनी २००९ मध्ये डिस्नेला ४ अब्ज डॉलरला विकत घ्यावीशी का वाटते? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

झंप्या
पहिला! 😀
वाचतोय. बाकी काका, वॉटर हीटरमागे ठेवलेल्या कागदाला डॉलर मिळत असेल तर देऊन मोकळे व्हा.

सईची_आई
आमच्याकडे याच न्यायाने माळ्यावर 'किशोर'चे अंक आहेत. तेही विकायचे नाहीत आणि वाचायचेही नाहीत, फक्त दर दिवाळीला पुसायचे.

हिशेबनीस
पेशाने सीए आहे, त्यामुळे या दिवाळखोरीवर माझं विशेष प्रेम आहे. जरा लांबण लागेल.

आधी '८० लाख खपल्या' हे नीट बघा. त्या दुकानांना खपल्या. अमेरिकेत कॉमिक पूर्वी वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर मिळायचं आणि न खपलेला माल परत जायचा. अख्खा अंकसुद्धा नाही, मुखपृष्ठाचा फाडलेला तुकडा दाखवला तरी पैसे वळते. सत्तरच्या दशकात फक्त कॉमिक विकणारी दुकानं वाढली आणि त्यांच्यासाठी वेगळी पद्धत आली: कमिशन जास्त, पण माल परत घेणार नाही. म्हणजे प्रकाशकाचा धोका सरळ दुकानदाराच्या गळ्यात. दुकानदाराने शंभर मागवले की प्रकाशकाकडे शंभर विकल्याची नोंद. त्यातले साठ त्याच्या मागच्या खोलीत पडून राहिले तरी.

दुसरं म्हणजे वाचक एक, प्रती पाच. तुम्ही स्वतःच साक्षीदार आहात. १९९१ मध्येच 'एक्स-फोर्स'चा पहिला अंक बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत आला, आत एक चित्रांचं कार्ड. कार्डं पाच प्रकारची. पिशवी फोडली की 'किंमत' गेली, म्हणून लोक एक फोडायला आणि एक ठेवायला घ्यायचे. जुनं कॉमिक महाग का असतं? आईने रद्दीत घातलं म्हणून. १९४१ चा अंक जपणारे मोजके, १९९१ चा अंक सगळ्यांनीच जपला. मग दुर्मीळ काय राहिलं, डोंबल?

१९९३ पासून हे गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं आणि दुकानं पटापट बंद पडली.

आता मालकाकडे वळू. रोनाल्ड पेरेलमन, रेव्हलॉन लिपस्टिकवाला. त्याने जानेवारी १९८९ मध्ये मार्व्हल ८ कोटी २५ लाख डॉलरला घेतली आणि १९९१ मध्ये शेअर बाजारात उतरवली. मग खरेदीचा सपाटा: फ्लीर ही बेसबॉलच्या कार्डांची कंपनी, स्टिकरवाली पानिनी, पुन्हा कार्डांचीच स्कायबॉक्स. सगळं कर्ज काढून. त्याशिवाय मार्व्हलच्या वर स्वतःच्या होल्डिंग कंपन्या उभ्या केल्या आणि मार्व्हलचे शेअर तारण ठेवून त्या कंपन्यांचे रोखे विकले. १९९४ मध्ये बेसबॉल खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीजच रद्द झाली, कार्डांचा धंदा झोपला. कॉमिक झोपलेलंच होतं. व्याज मात्र झोपत नाही.

आणि पायावर मारून घेतलेला धोंडा म्हणजे वितरण. १९९४ च्या शेवटी त्यांनी हीरोज वर्ल्ड हा तुमच्या न्यू जर्सीतलाच एक वितरक विकत घेतला आणि पुढच्या वर्षी ठरवलं की मार्व्हलचा माल फक्त इथूनच मिळेल. त्याला तेवढा पसारा झेपला नाही. बाकीच्या वितरकांचा मोठा धंदा गेला, ते एकेक करून मेले. १९९७ मध्ये हीरोज वर्ल्डही बंद आणि मार्व्हल निमूटपणे डायमंड या दुसऱ्या वितरकाच्या दारात. त्या डायमंडनेही जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, हा वेगळा विनोद.

कुरकुरे_मास्तर
हिशेबनीस, साष्टांग. पण ही गोष्ट मालकांची झाली. मार्व्हल बुडणार-बुडणार हे १९९६ मध्ये पहिल्यांदा झालेलं नाही. तिचा इतिहासच 'आज मेलो उद्या मेलो' असा आहे.

मार्टिन गुडमन नावाचे एक गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये स्वस्त मासिकं काढायचे. बाजारात जे खपेल त्याची नक्कल, हे त्यांचं धोरण. सुपरमॅन खपतोय म्हटल्यावर १९३९ मध्ये 'मार्व्हल कॉमिक्स'चा पहिला अंक काढला. त्यात कार्ल बर्गोसचा ह्यूमन टॉर्च आणि बिल एव्हरेटचा सब-मरिनर, एक आग आणि एक पाणी. कंपनीचं नाव तेव्हा टाइमली. मग जो सायमन आणि जॅक कर्बी यांचा कॅप्टन अमेरिका. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतोय. अंकावर तारीख मार्च १९४१, अमेरिका युद्धात उतरली डिसेंबरात. पैसे कमावण्यासाठी नक्कल करणाऱ्या माणसाने ते छापलं, याचं मला फार कौतुक आहे.

युद्ध संपल्यावर सुपरहीरो कोणाला नकोसे झाले. मग प्रेमकथा, काउबॉय, भुतं, जे चालेल ते. १९५७ मध्ये वितरक गेला आणि गुडमनना इंडिपेंडंट न्यूजच्या दारात जावं लागलं. ही कंपनी कोणाची? डीसीवाल्यांची! म्हणजे सुपरमॅनच्या मालकांची. त्यांनी अट घातली: महिन्याला फक्त आठ अंक. ऑफिस जवळजवळ रिकामं झालं. संपादक-लेखक स्टॅन ली एका टेबलाशी बसून उरलेलं काम रेटत होते.

आणि त्याच आठ अंकांच्या रेशनमध्ये १९६१ ला फँटॅस्टिक फोर, १९६२ ला हल्क, थॉर, स्पायडर-मॅन, १९६३ ला एक्स-मेन. प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत बसून, त्याच्याच तिकिटावर!

परळचा_वाघ
म्हणजे भाडेकरूने घरमालकाचं घर बळकावलं. आमच्या चाळीत हे नेहमीचं आहे.

आजोबा_७२
तुमचे हे सगळे हीरो आमच्या वेताळापुढे, म्हणजे फँटमपुढे, पाणी भरतात. ली फॉकचा वेताळ १९३६ चा, सुपरमॅन १९३८ चा. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळ न दिसणारा मुखवटा आधी कोणी घातला ते बघा. १९६४ ला टाइम्सवाल्यांनी मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. सांगलीला आमच्या गल्लीत एक वाचनालय होतं, दहा पैसे दिवस भाडं. अंकाच्या कोपऱ्यांना सुपारीचे डाग. जबड्यावर कवटीचा शिक्का उठवलेला माणूस दिसला की आम्ही सावध.

झंप्या
आजोबा, वेताळाला ना उडता येतं ना जाळं फेकता येतं. तो फक्त गुहेत बसलेला फिट माणूस आहे.

आजोबा_७२
दहा वाघांचं बळ आहे त्याच्यात. जंगलातली जुनी म्हण आहे.

शुद्धलेखन_पोलीस
'मार्वल' की 'मार्व्हल' याचा निकाल कधी लागणार? एकाच धाग्यात दोन्ही दिसले तर मी कारवाई करणार.

टोकदार_पेन्सिल
मास्तर, "एका टेबलाशी बसून स्टॅन ली" इथवर ठीक. पण पुढचं वाक्य वाचून कोणालाही वाटेल की ते सगळे हीरो त्या टेबलावरच उगवले. मी पोटासाठी चित्रं काढते, म्हणून मला हे टोचतं.

त्या काळात काम कसं चालायचं बघा. ली चित्रकाराला गोष्टीचा सांगाडा द्यायचे. कधी पानभर, कधी फोनवर चार वाक्यं. चित्रकार घरी जाऊन वीस पानं रचायचा: प्रसंग कुठे फोडायचा, कोण कुठून आत येणार, मारामारी किती चौकटी चालणार, शेवट कसा. समासात बारीक अक्षरांत लिहायचा की इथे हा असं म्हणतोय. पानं ऑफिसात आली की ली संवाद भरायचे. याला 'मार्व्हल पद्धत' म्हणतात. वेग जबरदस्त, पण श्रेयनामावलीत 'लेखक: स्टॅन ली', आणि लेखनाचे पैसे त्यांनाच.

आपल्याकडे सिनेमात आधी चाल बांधून मग तिच्यावर शब्द बसवतात ना? तसंच. फक्त इथे चाल बांधणाऱ्याला 'पेटी वाजवणारा' म्हणायचे. स्पायडर-मॅन काढणारा स्टीव्ह डिटको १९६६ ला शांतपणे निघून गेला. फँटॅस्टिक फोर काढणारे कर्बी १९७० ला थेट डीसीत. पुढे ऐंशीच्या दशकात मार्व्हलने चित्रकारांना जुनी मूळ पानं परत करायला घेतली. बाकीच्यांना सहीसाठी एक पानी फॉर्म, कर्बींना चार पानी. ज्याने हजारो पानं काढली त्याच्या वाट्याला देऊ केली ८८. चित्रकारांनी आणि वाचकांनी बोंब ठोकल्यावर जास्त मिळाली, तीही सगळी नाहीत.

कुरकुरे_मास्तर
मान्य, वाक्य ढिसाळ झालं. पण ली यांना नुसते मुनीम ठरवू नका. कर्बी डीसीत गेले, तिथे स्वतः लिहिलंही. कल्पना अफाट, पण पात्रं बोलायला लागली की दगडी शिलालेख वाचतोय असं वाटतं. स्पायडर-मॅन भाडं थकल्यावर मनातल्या मनात जे कुरकुरतो, तो आवाज ली यांचा आहे. शिवाय शेवटच्या पानांवर वाचकांशी गप्पा मारणं, चित्रकारांना टोपणनावं देणं, 'आपण सगळे एकाच कटात सामील' असं वाचकाला भासवणं, हे कोणी केलं?

टोकदार_पेन्सिल
भाडं थकलेला, चष्मेवाला, खांदे पाडून चालणारा पोरगा डिटकोने काढला म्हणून तो आवाज बसला. त्याचे हात बघा कधीतरी. डिटकोइतके बोलके हात कॉमिकमध्ये कोणी काढलेले नाहीत. ती जाळं फेकायची मुद्रा, मधली दोन बोटं दुमडलेली, नुसत्या सावलीत दाखवली तरी माणूस ओळखू येतो. शब्दांची गरज नाही.

चाल आणि शब्द, दोन्ही लागतात हे मला मान्य आहे. पैसे आणि नाव एकालाच का, एवढंच विचारते.

सईची_आई
पेन्सिलताई +१००. आमच्याकडे पोळ्या मी लाटते आणि पाहुणे "भाजी काय झालीय" म्हणून यांचं कौतुक करतात.

परळचा_वाघ
अवांतर: कोणाला पवित्र प्रभाकर आठवतो का? २००४ मध्ये मार्व्हलच्या परवान्याने गॉथम एंटरटेनमेंट या कंपनीने भारतीय स्पायडर-मॅन काढला होता. खेड्यातला पोरगा, शिष्यवृत्ती मिळवून मुंबईत आलेला. अंकल बेनऐवजी भीमकाका, आंट मेऐवजी माया आत्या. जाळ्याच्या पोशाखाखाली चक्क धोतर! चार अंकांत आटोपलं.

माझा आक्षेप दोन गोष्टींना. एक, नाव. पवित्र प्रभाकर यात आडनाव कुठाय? वडिलांच्या नावापाशीच फॉर्म संपला. दोन, मुंबईत धोतर नेसून उंचावरून झोके घेणाऱ्याकडे खालून बघणाऱ्यांचा विचार कोणी केलेला नाही.

झंप्या
😂😂 दुसरा आक्षेप फ्रेम करून लावणार.
पण पवित्र २०२३ च्या स्पायडर-मॅन अॅनिमेशनपटात परत आला, 'मुंबॅटन' शहरात. आडनावाचा प्रश्न तिथेही सुटला नाही.

बेसमेंटवासी
मंडळी, वेताळ, पोळ्या, धोतर, सगळं आवडतंय, पण माझा दुसरा प्रश्न राहिला. मेलेली कंपनी उठली कशी?

हिशेबनीस
पुन्हा आमचीच वेळ.

अर्ज दाखल झाल्यावर पेरेलमन विरुद्ध कार्ल आयकान हा गुंतवणूकदार अशी जुंपली. आयकानने होल्डिंग कंपन्यांचे ते रोखे पडेल भावात गोळा केले होते आणि त्याला कंपनी हवी होती. दोन हत्ती भांडत असताना तिसराच आत घुसला. टॉय बिझ ही मार्व्हलची खेळणी बनवणारी कंपनी. तिचे आयझॅक पर्लमटर आणि आवी अराद यांनी बँकांना आपल्या बाजूला वळवलं आणि १९९८ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. पर्लमटर काटकसरीसाठी प्रसिद्ध. मला तो माणूस मनापासून आवडतो, माझ्या बायकोला कळवू नका.

रोख पैसा हवा म्हणून सिनेमाचे हक्क आधीपासूनच विकले जात होते. एक्स-मेन फॉक्सकडे, स्पायडर-मॅन सोनीकडे. सिनेमे धो धो चालले, २००२ चा स्पायडर-मॅन तर विचारू नका, पण त्यातला मोठा गल्ला दुसऱ्यांचा. म्हणून २००५ मध्ये मेरिल लिंच या बँकेमार्फत ५२ कोटी ५० लाख डॉलरची कर्जाची सोय केली, स्वतः सिनेमे काढायला. तारण काय? दहा पात्रांचे सिनेमाचे हक्क. कॅप्टन अमेरिकाला गहाण ठेवलं, सरळ मराठीत सांगायचं तर. सिनेमे पडले असते तर ती पात्रं सावकाराच्या घरी गेली असती.

आणि हातात उरलेल्या पात्रांतून पहिला डाव कोणावर? आयर्न मॅनवर, कारण लोकप्रिय मंडळी आधीच विकली गेली होती. २००८ ला सिनेमा आला, २००९ ला डिस्ने दारात. तुम्ही विचारलेले ४ अब्ज कागदाचे नव्हेत. हजारो पात्रांच्या सातबाऱ्याचे आहेत.

टोकदार_पेन्सिल
त्या सातबाऱ्यावर कर्बींचं नाव नव्हतं, हे पुन्हा सांगते. कर्बी १९९४ ला गेले. त्यांच्या मुलांनी २००९ मध्ये हक्कांसाठी नोटिसा दिल्या, खालच्या कोर्टात हरले, सर्वोच्च न्यायालय प्रकरण घ्यायचं की नाही ते ठरवायच्या काही दिवस आधी, सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून अंकांवर नाव ठळक येतं.

झंप्या
बेसमेंट काका, एक व्यावहारिक प्रश्न. त्या खोक्यात 'न्यू म्युटंट्स' ९८ आहे का? फेब्रुवारी १९९१, डेडपूलचं पहिलं दर्शन. त्याला खरंच पैसे येतात. आणि 'एक्स-फोर्स'ची पिशवी असेल तर आतलं कार्ड कोणतं ते बघा. डेडपूलचं असेल तर बरं.

बेसमेंटवासी
'न्यू म्युटंट्स' ९८ होता. आवडला होता, म्हणून वाचून झाल्यावर रूममेटला दिला. तो नंतर टेक्सासला गेला.

'एक्स-फोर्स'ची पिशवी आहे, अजून बंद. आत्ता खाली जाऊन टॉर्च मारून बघून आलो. कार्ड 'सनस्पॉट आणि गिडियन' यांचं आहे.

झंप्या
😐

हिशेबनीस
गिडियनला तारण ठेवून चहासुद्धा मिळणार नाही.

आजोबा_७२
आमचं इंद्रजाल १९९० ला बंद पडलं. ना कार्ड, ना पिशवी. सगळे वाचून वाचून फाटले.

बेसमेंटवासी
अपडेट. आजोबांचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. ती उठली आणि कात्री घेऊन आली. मी "थांब" म्हणेपर्यंत 'एक्स-फोर्स'ची पिशवी फुटली होती. ३४ वर्षं कोंडलेल्या शाईचा वास आला, थोडा रॉकेलसारखा. स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून आम्ही दोघांनी मिळून वाचला. म्हणजे मी पहिल्यांदाच वाचला. गोष्ट मला अजूनही कळलेली नाही. सगळे दात-ओठ खाऊन एकमेकांवर धावतायत.

तिचा एकच प्रश्न होता आणि मला उत्तर देता आलं नाही, पेन्सिलताईंनी द्यावं: या केबल नावाच्या माणसाच्या अंगावर इतके बटवे कशाला आहेत?

टोकदार_पेन्सिल
'एक्स-फोर्स'चे चित्रकार रॉब लिफेल्ड यांची खासियत आहे ती. तेव्हा ते तेविशीचे होते आणि अंकाच्या पन्नास लाखांच्या आसपास प्रती गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना अडवणार कोण? पुढच्याच वर्षी ते, टॉड मॅकफार्लेन आणि तुमच्या 'एक्स-मेन'वाले जिम ली वगैरे मिळून बाहेर पडले आणि इमेज कॉमिक्स काढलं, जिथे पात्रांचे हक्क काढणाऱ्याकडेच. कर्बींना जे जमलं नाही ते या पोरांनी केलं, म्हणून त्यांना सगळे बटवे माफ.

सईची_आई
एकात सुंठ, एकात जायफळ, एकात हिरडा, बेहडा...

शुद्धलेखन_पोलीस
'बेहडा' बरोबर आहे. चालू द्या.